भुलीआधी चमचाभर दही

मंडळाच्या अंकासाठी लेख दे म्हणून माझी एक मैत्रीण दोन महिने मागे लागली होती. "तू ते इंजेक्शनचं काहीतरी करतेस ना, त्यावर लिही की!" इंजेक्शनचं काहीतरी! वीस वर्षांपासूनची मैत्रीण, दर गणपतीला शेजारी बसून मोदक वळते, आणि मी नेमकं काय करते हे तिला धड ठाऊक नाही. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. म्हणजे इथे ओहायोतल्या डब्लिनमध्ये प्रत्येक वाढदिवसाला नव्याने समजावून सांगायला नको.

तर, मी भूल देते. मी डॉक्टर नाही. मी नर्स आहे, आणि भूल देण्याचं वेगळं शिक्षण घेतलेली नर्स आहे. आपल्याकडे हा प्रकार फारसा नाही, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. इथे आधी नर्सिंगची पदवी, मग आयसीयूत काही वर्षं घासायचं, मग तीन वर्षांचं शिक्षण. त्या तीन वर्षांत नोकरी करायला सवडच मिळत नाही. हे सगळं सांगून झालं की समोरचे काका मान डोलावतात आणि विचारतात, "म्हणजे डॉक्टर यायच्या आधीची तयारी तुम्ही करता?" पूर्वी मी चिडायचे. आता म्हणते, "हो काका, सतरंज्या घालते."

काम काय, ते सरळ सांगते. शिरेतून औषध गेलं की माणूस अर्ध्या मिनिटात झोपतो. पण ती घरातली झोप नव्हे. त्या झोपेत तो श्वास घ्यायचंसुद्धा विसरतो. मग त्याच्या श्वासनळीत नळी घालून, ती यंत्राला जोडून, त्याचा श्वास मी सांभाळायचा. ब्लड प्रेशर, हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, सगळं माझ्याकडे. सर्जन त्याच्या पोटात किंवा गुडघ्यात जे करायचं ते करतो, आणि उरलेला सगळा माणूस तोवर माझ्या ताब्यात असतो. शेवटी त्याला उठवायचं. झोपवणं सोपं हो, उठवताना कस लागतो.

आणि गिऱ्हाइकं म्हणाल, तर एकेक नग! सहा फुटी ट्रक ड्रायव्हर, दंडावर हा मोठा वाघ गोंदवलेला, सुई बघून ढसाढसा रडला. मी म्हटलं, "वाघाला काय वाटेल?" तो हसला, तेवढ्यात सुई आत. एक आजी झोपता झोपता मला बटाट्याच्या सॅलडची रेसिपी सांगत होत्या. "मग त्यात मस्टर्ड घालायचं..." इथवर आल्या आणि झोपल्या. दोन तासांनी रिकव्हरी रूममध्ये डोळे उघडले, आणि पहिलं वाक्य काय? "पण फार नाही हं." आमच्याकडे अजून तेच सॅलड होतं. आपला एक पुण्याचा आयटीवाला मात्र पार झोपेपर्यंत मॉनिटरवरचा हिरवा आकडा सारखा का बदलतोय ते विचारत होता. उठल्यावरही त्याने तेच विचारलं.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट मी शिकत होते तेव्हाची आहे. त्या वेळी मी नापास होऊन घरी बसायचीच बाकी होते.

मी मिरजेची. नर्सिंग तिथेच शिकले. आमच्या सिस्टर ट्यूटरांची शिस्त अशी, की डॉक्टर वॉर्डात आले की खुर्चीतून उठायचं, हात मागे बांधायचे आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. कुणी उलटं बोलल्याचा एखादा किस्साही नाही, कारण बोलायची कुणाची छातीच नव्हती. लग्नानंतर सुधीरच्या नोकरीमुळे ओहायोला आले. घर मिळेपर्यंत आम्ही तीन आठवडे डॉक्टरकाका आणि काकूंच्या बेसमेंटमध्ये राहिलो. हे काका म्हणजे फार पूर्वी इकडे आलेले मोठे सर्जन. नातं काहीच नाही. सुधीरच्या मामांचे वर्गमित्र, एवढीच ओळख. आमची ईशा तेव्हा दीड वर्षाची होती. काकूंनी तिला मांडीवर घेऊन वरणभात भरवला. इथल्या नर्सिंगच्या परीक्षेचा फॉर्म कसा भरायचा, हे काकांनी शेजारी बसून दाखवलं. ते उपकार मी विसरलेले नाही, आणि विसरणारही नाही.

बेचाळिसाव्या वर्षी भुलीचं शिकायचं डोक्यात आलं, तेव्हा पहिल्यांदा काकांनाच विचारायला गेले. ते म्हणाले, "चाळिशी उलटल्यावर हे काय खूळ? आयसीयूत छान चाललंय तुझं. भूल म्हणजे पोरखेळ नाही गं." मी "हो काका" म्हटलं, त्यांच्याकडचा चहा प्यायले आणि घरी येऊन अर्ज भरला. सुधीरला म्हटलं, तीन वर्षं माझा पगार नाही. तो म्हणाला, "काढू की तीन वर्षं. मला खिचडी येते." ईशा तेव्हा हायस्कूलात. ती म्हणाली, "आई, यू विल बी द ओल्डेस्ट पर्सन देअर." होतेच.

पुस्तकी अभ्यास जमला. हातही चांगला बसला. अडलं ते भलतीकडेच.

दुसऱ्या वर्षी आम्हाला प्रत्यक्ष ऑपरेशन थिएटरमध्ये पाठवतात. आपल्यावर एक अनुभवी माणूस नेमलेला असतो, त्याची सही मिळाली तर पुढे. माझ्यावर मार्था होती. साठीची, बुटकी, केस पिकलेले, आणि बोलणं एक घाव दोन तुकडे. तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सर्जन आत आला की तू उठून का उभी राहतेस? तुझं लक्ष पेशंटकडे हवं." मला तर मी उठते हे कळायचंही नाही. पाय आपोआप सरळ व्हायचे.

मग एके दिवशी पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. दुर्बीण घालायला पोटात गॅस भरून ते फुगवतात. कधी कधी त्या दाबाने हृदयाचे ठोके एकदम मंदावतात. मी ते पाहिलं, सगळ्यांच्या आधी पाहिलं. आणि म्हणाले काय? "डॉक्टर, आय थिंक, मेबी, इफ यू डोन्ट माइंड..." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मार्था पुढे झाली आणि एकच शब्द बोलली, "थांबा." सर्जन थांबला. गॅस सोडला, ठोके परत आले, पेशंट सुखरूप. मी मात्र घामाने निथळत होते.

बाहेर आल्यावर मार्था म्हणाली, "तुझे हात चांगले आहेत. डोळे त्याहून चांगले आहेत. पण तोंडाचा उपयोग काय? तू विनंतीअर्ज लिहीत बसशील आणि तोवर माणूस जाईल. अजून तीन आठवडे आहेत. भर खोलीत तू सर्जनला 'नाही' म्हटलेलं मला दिसलं नाही, तर मी सही करणार नाही."

सही नाही म्हणजे नापास. आणि आमच्या इथे नापास म्हणजे घरी. दोन वर्षं गेलेली, नोकरी सोडलेली, सुधीर एकटा घर ओढतोय. गाडीत बसून मी मोठ्याने "नाही, नाही" म्हणायचा सराव केला. खरंच केला. सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई माझ्याकडे बघत होती.

त्यातले दोन आठवडे असेच गेले. कुणाला नाही म्हणावं असं काही घडलंच नाही. आणि मग एका सकाळी यादीवर पहिलं नाव डॉक्टरकाकांचं. हर्निया.

मी मार्थाला सांगितलं, की हे आमच्या घरातल्यासारखे आहेत, दुसऱ्या कुणाला देतेस का? ती म्हणाली, "त्यांना विचार." काकूंना तर आनंदच झाला. "आपली मुलगी आहे म्हटल्यावर मला घोर नाही बाई!" काका पलंगावर गाऊन घालून, उशीला टेकून बसले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अजून शिकतेयस का? बरं. पण तुझ्या त्या सीनिअर असतील ना सोबत?" म्हटलं, असतील.

मी नेहमीचे प्रश्न सुरू केले. ॲलर्जी? नाही. डायबेटिस? वीस वर्षं. शेवटचं काय आणि कधी खाल्लं?

"काल रात्री आठला जेवलो. त्यानंतर काही नाही. अगं, जन्मभर पेशंटना हेच बजावत आलो मी, मला काय विचारतेस!"

मी फॉर्मवर खूण करणार, तेवढ्यात काकूंच्या मांडीवरच्या पर्सकडे लक्ष गेलं. आत पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेली स्टीलची छोटी डबी होती. आणि माझ्या एकदम लक्षात आलं. दही-साखर हातावर घातल्याशिवाय काकू कुणालाही महत्त्वाच्या कामाला घराबाहेर पाठवत नाहीत. माझ्या ड्रायव्हिंग टेस्टला घातली होती, नर्सिंगच्या परीक्षेला घातली होती. परीक्षा दोनदा द्यावी लागली, तर दोनदा घातली.

"काकू, आज निघताना काकांच्या हातावर दही घातलंत?"

"म्हणजे काय!" काकू म्हणाल्या. "ऑपरेशनला का यांना तसंच पाठवीन? गडबडीत घरी अर्धाच चमचा दिला, म्हणून उरलेलं डबीतून आणलं. ते पार्किंगमध्ये दिलं."

"अगं, ते काय खाणं आहे का?" काका म्हणाले.

आणि शपथेवर सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. हॉस्पिटलातला सर्जन पेशंटना 'पाण्याचा थेंब नको' म्हणून दटावायचा, आणि घरातला नवरा उंबरठ्यावर बायकोपुढे हात पसरायचा. या दोघांची कधी गाठच पडली नव्हती.

उपाशीपोटी का बोलावतात, तेही सांगते, कारण आपल्या लोकांना ती उगाच कटकट वाटते. भूल दिली की घसा, जठर, सगळंच सैल पडतं. पोटात काही असेल तर ते वर येतं आणि थेट फुप्फुसात जातं. माणूस त्यात दगावू शकतो. म्हणून दुधाचं काही घेतलं असेल तर सहा तास थांबतात. चमचाभर दह्याने एरवी कदाचित काही बिघडलं नसतं. पण वीस वर्षांचा डायबेटिस असला की काहींचं जठर सुस्त होतं, अन्न पुढे सरकतच नाही. दह्यामुळे मी थबकले, आणि थबकल्यावर ही दुसरी शंका आली.

तेवढ्यात पडदा सारून सर्जन आत आला. "रेडी?" आणि मी टुणकन उभी राहिले. राहिलेच!

काका त्याला इंग्रजीत हसत म्हणाले, "एक चमचा दही खाल्लं म्हणून ही घाबरलीय." सर्जनही हसला आणि त्याने घड्याळ पाहिलं. मग काका माझ्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाले, "जाऊ दे गं. मी सांगतोय ना? मी सर्जन आहे. चल, कर खूण."

मार्था पडद्याशी हाताची घडी घालून उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या मदतीला येणार नव्हती, हे तिच्या तोंडावरच दिसत होतं.

ज्यांच्या घरात राहिले, ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांना चारचौघांत तोंडावर नाही म्हणायचं? माझे हात मिरजेतल्यासारखे आपोआप मागे गेले. आणि मग मला डोळ्यांसमोर काका दिसले, भूल दिलेले, मान मागे टाकलेले, आणि घशातून काहीतरी वर येतंय. त्या क्षणी मला काकांचाच राग आला. म्हटलं, हा माणूस माझ्या हातून मेला तर मी काकूंना काय सांगू?

"नाही, काका," मी म्हटलं. मग सर्जनकडे वळले. "नाही. आपण थांबतोय. यांनी दोन तासांच्या आत दुधाचं खाल्लंय आणि डायबेटिस वीस वर्षांचा आहे. मी यांना झोपवणार नाही. आधी पोटाचा अल्ट्रासाउंड करायचाय."

एवढं बोलले आणि स्टुलावर बसले. सर्जन उभा आणि मी बसलेली, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

"एका चमच्यासाठी?" तो वैतागून म्हणाला.

"हो," मी म्हटलं. पुढे 'सॉरी' जोडणार होते, ते गिळलं.

मार्था मशीन ढकलत घेऊन आली. मी काकांच्या पोटावर प्रोब ठेवला. पडद्यावर जठर दिसलं, गच्च भरलेलं. ते काही दही नव्हतं. आदल्या रात्रीचं सगळं जेवण जिथल्या तिथे होतं.

"काकू, काल रात्री काय जेवले?"

"पिठलं-भाकरी," काकू म्हणाल्या, आणि काकांकडे बघत आवाज खाली आणून, "आणि पुरणपोळी उरली होती ती. अर्धी. दोन वेळा अर्धी." या लेखाला परवानगी देताना काकांनी पुरणपोळीचा उल्लेख टाळ असं बजावलं होतं. माफ करा काका, पण ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

सर्जनने वाकून ते चित्र पाहिलं. मग मला म्हणाला, "गुड कॅच," आणि ऑपरेशन पुढच्या गुरुवारवर टाकून निघून गेला.

काका मात्र भिंतीकडे तोंड करून पडले. कपडे करून, माझ्याशी एक शब्द न बोलता व्हीलचेअरमधून बाहेर पडले. काकू कॉरिडॉरमध्ये रडत म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं का गं सगळं?" मी त्यांना जवळ घेतलं. "काकू, तुमच्या दह्यामुळे कळलं. नाहीतर मी खूण करून मोकळी झाले असते." हे त्यांच्या समजुतीसाठी नव्हतं. खरंच तसं झालं असतं, आणि त्या विचाराने आजही माझ्या अंगावर काटा येतो.

मार्थाला विचारलं, सही? ती म्हणाली, "एकदा म्हणालीस. गुरुवारी तोच पेशंट, तोच सर्जन. बघू, टिकतं का. आणि ते तुला जवळ येऊ देतात का." खरंच, तो प्रश्न होताच. काकांनी 'ही नको' म्हटलं असतं, एखादं तक्रारीचं पत्र धाडलं असतं, तर माझ्या सहीचं काही खरं नव्हतं. शुक्रवारी मुदत संपत होती.

तो आठवडा फार वाईट गेला. देवळात एक बाई म्हणाल्या, "काकांना टेबलावरून परत पाठवलंस म्हणे?" काकूंचा एकदा दुपारी फोन आला. काका कुणाशी बोलत नाहीत, डॉक्टरांनी सांगितलेलं पातळ सूप मुकाट्याने पितात. मला सारखं वाटायचं, की बरोबर तेच केलं, पण ते काकूंना बाहेर पाठवून, सर्जन यायच्या आधी, एकट्यात सांगता आलं नसतं का? त्यांची जन्माची पत अशी दुसऱ्या सर्जनसमोर उघडी पाडायला नको होती. ही चुटपुट अजून आहे.

गुरुवारी पडदा सारून आम्ही आत गेलो. काका शांत पडले होते. मार्थाने विचारलं, "ही विद्यार्थिनी तुम्हाला भूल देणार आहे. तुमची हरकत नाही ना?"

काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघत इंग्रजीत म्हणाले, "तिला विचारा. ती हो म्हणाली तर मी तयार आहे. ती घरी जा म्हणाली तर जातो."

मी प्रश्न विचारले, एकही न गाळता. प्रोब ठेवला. जठर रिकामं. "चला काका," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला, तो मार्थाने ऐकला असणार.

थिएटरमध्ये टेबलावर घेतल्यावर ते वरच्या दिव्याकडे एकटक बघायला लागले. हात बर्फासारखा गार. मी गरम ब्लँकेट घातलं. "थंडी वाजतेय का?"

"नाही गं. भीती वाटतेय." मग म्हणाले, "पस्तीस वर्षं ऑपरेशनं केली मी. मधे लावलेल्या पडद्याच्या या बाजूला, पेशंटच्या डोक्यापाशी कोण बसलंय, हे एकदाही वाकून बघितलं नाही."

माझे डोळे भरून आले. त्यांच्या तोंडावर मास्क धरला होता म्हणून पुसताही येईनात. "मी आहे काका. तुम्ही डोळे उघडेपर्यंत इथून हलणार नाही."

त्यांनी मान हलवली. मी औषध दिलं. नळी पहिल्या प्रयत्नात गेली. मधे एकदा प्रेशर उतरलं, तेव्हा मी सर्जनला "दोन मिनिटं थांबा" म्हटलं आणि तो थांबला. माझ्याकडे न बघता थांबला, जसं काही हे रोजचंच. मार्था तासभर माझ्यामागे भिंतीला टेकून उभी होती. तिने कशालाही हात लावला नाही.

रिकव्हरीत काका हळूहळू जागे होत होते. मार्थाने माझा फॉर्म त्यांच्याच पलंगाच्या कठड्यावर टेकवला, खिशातून पेन काढलं आणि सही ठोकली. अभिनंदन वगैरे नाही, फॉर्म माझ्या हातात दिला आणि कॉफी प्यायला निघून गेली. मी तिथेच उभी राहून रडायला लागले.

काकांनी डोळे किलकिले केले. "काय झालं? रडतेस कशाला? बिघडलं का काही?"

"नाही काका. पास झाले."

काकांवरचा भुलीचा अंमल अजून उतरायचा होता, पण डोकं सर्जनचंच.

"म्हणजे मला झोपवलंस तेव्हा तू नापास होतीस?"

"होते काका," मी म्हटलं. "तुम्ही उठलात आणि पास झाले."